ळ बाळाचा

गंधपाटीवर बोट फिरवून मंजुळाने आपले नाव लिहिले: मंजुला. पुसून परत लिहिले, परत मंजुला. नऊ वर्षांची पोर रडकुंडीला आली. स्वतःचे नाव धड लिहिता यावे, एवढेच तर तिला हवे होते.

"बाकीची अक्षरं जमली, मग इथेच घोडं का पेंड खातंय?" तिला अक्षरे शिकवणाऱ्या डॉ. सुनेत्रा दिघे यांनी पाटी बनवणाऱ्या तांबोळींना विचारले.

पाटीमागचे शास्त्र साधे होते. काही मुलांच्या मेंदूत अक्षर डोळ्यांच्या वाटेने जाते, पण टिकत नाही. मग ते बोटाच्या, कानाच्या, नाकाच्या वाटेनेही न्यायचे. 'आ' गिरवला की बोटाखाली खरखर, कानात आवाज आणि नाकात आंबा. रोज गिरवून गाठ पक्की बसली, की पाटीची गरज संपते. वासावरून अक्षर आठवते, आणि नुसते अक्षर काढले तरी वास येतो.

तांबोळींनी पाटीचे पोट तपासले आणि कपाळाला हात लावला. "पाटी त्या अक्षराने सुरू होणारा शब्द शोधून त्याचा वास निवडते, मॅडम. 'ळ'ने सुरू होणारा शब्दच मराठीत नाही. मग पाटीने गुपचूप जवळच्या आवाजाच्या 'ल'चा लसूण उचलला, आणि पोरीला दोन्ही अक्षरं एकच झाली. दुधाची तहान ताकावर."

"आणि तुम्ही आडनावात ळ घेऊन हिंडता, तांबोळी."

"चुकलंच. शाळेत 'ळ बाळाचा' घोकलं होतं की आपण."

त्यांनी 'ळ'ला बाळाच्या पावडरीचा वास दिला. मंजुळाने हुंगून नाक मुरडले. "बाळाला असा वास नसतो."

दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून स्टीलचा डबा काढला. आत दुपटे होते. त्याला ओव्याच्या धुरीचा, तेलाचा, दुधाचा वास होता. पाटीने तो ओढून कुपीत भरला. आठवडाभर गिरवल्यावर मंजुळाने एका दमात लिहिले: मंजुळा. तांबोळींनी तिला खांद्यावरच घेतले.

तेवढ्यात तिची आई, शेवंता, दारात आली. घरातला डबा नाहीसा झाल्याचे तिला आजच कळले होते. टेबलावरचे दुपटे तिने उचलून नाकाशी धरले, पण त्याचा वास पाटीने ओढून घेतला होता.

"माझा तान्हा दादू गेल्या साली गेला, बाई. वास उडू नये म्हणून मी झाकण उघडत नव्हते."

सुनेत्राबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. "मी विचारायला हवं होतं. थोडा वास कुपीत उरलाय. पण तोही आठवडाभरात संपेल."

मंजुळा खांद्यावरून उतरली. पाटीला हात न लावता तिने आईच्या तळव्यावर बोटाने ळ काढला आणि डोळे मिटले. "आई, आला बघ वास. दादूचा."

शेवंताने तळवा हुंगला. काही नव्हते.

"तो हिलाच येणार," सुनेत्राबाई हळूच म्हणाल्या. "जो पाटीवर अक्षर शिकतो, त्यालाच."

शेवंता दुसरीतच शाळेतून उठली होती. तिच्याही डोळ्यांपुढे अक्षरे हलायची, आणि तेव्हा कुणी पाटी बनवली नव्हती. तिने दुपट्याची घडी घातली, पदर खोचला आणि पाटीसमोर बसकण मारली.

"मला नाव-गाव काही नको, बाई," ती म्हणाली. "एवढं एकच अक्षर शिकवा."

मंजुळाने तिचे बोट धरले आणि ळ गिरवायला घेतला.