पंचांच्या खोलीतला चेंडू

"अरे, हा उसळतच नाही!" रुस्ने ओरडली.

तिने जोरात आपटलेला चेंडू कसाबसा गुडघ्यापर्यंत आला. समोरच्या संघाच्या कप्तानाने तो झटकन पळवला खरा, पण दोन पावलांत त्याचीही तीच गत झाली. तेवढ्यात कर्कश शिट्टी वाजली.

पंच दांगुओले बाईंनी चेंडू उचलला, डोक्याच्या उंचीवर धरला आणि सोडला. तो त्यांच्या कंबरेपर्यंतही आला नाही.

"सामन्याआधी मी स्वतः तपासलाय," बाई म्हणाल्या. "तेव्हा छातीपर्यंत उसळत होता, अगदी नियमाप्रमाणे! मग खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. मी कुलूप उघडून दिल्यावर मैदानात कोणी आणला हा?"

सगळ्यांच्या नजरा रुस्नेच्या संघातल्या मार्गिरिसकडे वळल्या. नेमुनास नदीकाठच्या ह्या गावात नाताळच्या सुट्टीत मुलामुलींची बास्केटबॉलची स्पर्धा व्हायची, आणि यजमान संघातल्या सगळ्यात लहान खेळाडूने पंचांच्या खोलीतून चेंडू मिरवत आणायचा असा रिवाजच होता. आज तो मान मार्गिरिसचा होता. त्यात त्याच्या जॅकेटच्या खिशातून चेंडूत हवा भरायची सुई निघाली! आळीतल्या सगळ्या पोरांचे चेंडू तोच फुगवून द्यायचा, म्हणून ती सुई कायम त्याच्यापाशी असे. पण हे आता कोण ऐकून घेणार?

"शाब्बास रे पठ्ठ्या!" स्पर्धेचे आयोजक राइमुंदास काका कडाडले. "समोरची पोरं वाऱ्यासारखी पळतात, मग चेंडूच लंगडा करून टाकला, होय ना?"

"मी काही नाही केलं, काका!"

"मग काय हवा आपल्या पायांनी चालत गेली? आता लहानांचा सामना लावतो. तो संपेपर्यंत खरं बोललास तर ठीक, नाहीतर तुमचा संघ स्पर्धेतून बाद!"

प्रेक्षकांत बसलेल्या मार्गिरिसच्या आजोबांनी हातातला लसूण चोळलेला तळलेला पाव तसाच कागदात गुंडाळला आणि मान खाली घातली. रुस्ने मार्गिरिसकडे बघू लागली. खरंच ह्यानेच तर हवा काढली नसेल? तो विचार मनात आला मात्र, तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

तिने मार्गिरिसला ओढत बाकापाशी नेलं. पाठोपाठ तिची मैत्रीण दोविले आली.

"चेंडू हातात घेतल्यापासून काय काय झालं, सगळं सांग!" रुस्ने म्हणाली.

"काय सांगू? घेतला आणि आणला. वाटेत छातीशी घट्ट धरला होता, बस. काय मस्त ऊबदार होता!"

"ऊबदार?" दोविले हातांवर फुंकर मारत म्हणाली. "इथे माझी बोटं गोठून पडायची वेळ आलीये, आणि तुझा चेंडू म्हणे ऊबदार!"

रुस्ने ताडकन उठली. "काका! राइमुंदास काका! चेंडू पंचांच्या खोलीत कोणी ठेवला?"

"मीच की! रात्रभर गाडीत होता. सकाळी बर्फाच्या गोळ्यासारखा गार, आणि उसळायचं नावच घेईना. मग खोली ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर टाकला, माझ्या ओल्या मोज्यांशेजारी. थोड्या वेळाने बोकडासारखा उड्या मारायला लागला!"

"आणि हवा? हवा भरलीत का?"

"उड्या मारतोय म्हटल्यावर हवा कशाला भरायची?"

"बाई!" रुस्ने धावतच दांगुओले बाईंकडे गेली. "चेंडू गाडीत होता तेव्हापासूनच कमी हवेचा होता! रेडिएटरवर आतली हवा तापून फुगली, म्हणून तुमच्या तपासणीत पास झाला. ह्या गारठ्यात ती पुन्हा आकसली! तो परत तापवून बघू या ना!"

"तपासलेला चेंडू मी कुणाच्या हातात देत नसते." बाईंचा चेहरा कठोर झाला.

"मग आम्ही हातही लावत नाही! तुम्हीच ठेवा, तुम्हीच सोडा!"

बाईंनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं आणि किल्ली काढली.

खोलीतला रेडिएटर नुसता धगधगत होता. बाईंनी चेंडू त्यावर ठेवला आणि सगळे श्वास रोखून उभे राहिले. बाहेर लहानांचा सामना रंगला होता. दोविले दारातून सारखी डोकावत होती.

"लवकर! शेवटचा डाव सुरू झाला!"

बाईंनी चेंडू उचलून सोडला. धप्प! कंबरेपाशीच थांबला.

"झालं समाधान?" काका हसले.

मार्गिरिसचे डोळे भरून आले. रुस्ने मात्र मागे हटली नाही. "एकच बाजू तापलीये! बाई, उलटा ठेवा ना! वरून माझा कोट टाका!"

बाईंनी चेंडू उलटा केला आणि वर कोट पांघरला. पुन्हा तीच जीवघेणी वाट पाहणं!

"संपला!" दोविले किंचाळली. "सामना संपला!"

बाईंनी कोट बाजूला केला आणि चेंडू डोक्याच्या उंचीवर नेऊन सोडला.

टण्ण! चेंडू थेट त्यांच्या छातीपर्यंत उसळला!

"हवेचा एक कणही भरला नाही," बाई सावकाश म्हणाल्या, "आणि तरी पास!" मग त्या काकांकडे वळल्या. "राइमुंदास, तुमच्या मोज्यांशेजारच्या शेकाने आज एका पोराला चोर ठरवलं. आणि गरम चेंडू तपासून मी त्याला साथ दिली."

काकांचे कान लालेलाल झाले. "पोरा, मी... माझं चुकलं रे!"

बाईंनी सगळ्या हॉलसमोर माईक घेतला. "चूक माझी आहे. जिथे खेळायचं तिथल्याच हवेत चेंडू तपासायला हवा होता. मार्गिरिस निर्दोष आहे. आणि ही रुस्ने आणि दोविले! एवढी वर्षं शिट्टी वाजवतेय मी, पण आज ह्या पोरींनी मला माझं काम शिकवलं!"

टाळ्यांनी हॉल दणाणला. मार्गिरिसचे आजोबा बाकावरच उभे राहून शिट्ट्या मारत होते! काकांनी निमूटपणे दुसरा चेंडू आणला. बाईंनी तो मैदानातच तपासला आणि खेळाडू आपापल्या जागी गेले.

मार्गिरिस रुस्नेजवळ सरकला. "खरं सांग. तुलाही वाटलं होतं ना, मीच केलं म्हणून?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! रुस्ने म्हणाली, "हो. क्षणभर वाटलं होतं. माफ कर."

मार्गिरिसने डोळे पुसले. मग तो खुदकन हसला.

"अगं, काका असे काही ओरडत होते, की क्षणभर मलाही वाटलं मीच केलं असेल! चल, पास दे लवकर!"