वळचणीची शिडी

संध्याकाळी वादळ येणार, अशी वर्दी सकाळीच आली होती. म्हणून जेवण उरकताच धाकटे मिस्त्री भावजयीच्या घराचे झरोके बांधायला निघाले. काम नेहमीचेच. दमट हवेत भिंतींना घाम फुटतो, वासे कुजतात, म्हणून छपराला श्वास घ्यायला झरोके लागतात. पण वादळात वारा नेमका तिथेच बोट घालतो. आधी झरोक्यावरची पत्र्याची टोपी उपटतो आणि मग आत शिरून सगळे छप्पर उचलतो. त्यावर उपाय एकच. टोपीला तार ओवायची, ती झरोक्यातून माळ्यावर सोडायची आणि तिथल्या वाशाला आवळायची.

हे दोघांचे काम. थोरला भाऊ माळ्यावर, धाकटा छपरावर, ही वाटणी वर्षानुवर्षांची. “मी वर चढलो, तर पत्रेच मला भेटायला खाली येतील,” असे थोरले आपल्या ऐसपैस देहाकडे पाहून म्हणत. पावसात हाका पोचत नाहीत, म्हणून दोघांचे बोलणे तारेनेच चाले. खालून दोन हिसके, म्हणजे बांधली. वरून दोन हिसके, म्हणजे समजले, उतरतो.

गेल्या वादळात धाकट्यांना तापाने अंथरुणाला खिळवले होते आणि वहिनी मुलीला घेऊन माहेरी गेल्या होत्या. थोरले एकटेच वर चढले. वाऱ्याने वळचणीची शिडी पाडली. कितीतरी वेळ ते शिडीसाठी हाका मारत होते म्हणे. शेजारणीच्या कानावर पडल्या, पण तिला वाटले, वाराच ओरडतो आहे. सकाळी ते अंगणात सापडले.

“हे असते तर तुमची एवढी दगदग झाली नसती, भाऊजी,” दार उघडताना वहिनी म्हणाल्या. मुलगी आतल्या खोलीत निजली होती, दुसऱ्या झरोक्याच्या बरोबर खाली. रस्त्यावर पाणी चढू लागले होते. आता घर सोडून कुठे जायची सोय नव्हती. छप्पर टिकले, तर त्या दोघी सुखरूप राहणार होत्या.

शिडी एकच. ती बाहेर लावून छपरावर चढायचे, मग तीच आत आणून माळ्यावर चढायचे आणि पुढच्या झरोक्यासाठी पुन्हा बाहेर न्यायची. पहिली टोपी अशी बांधून होईतो आभाळ काजळले. वारा अचानक पडला. हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसली आणि झरोक्यातून गंजाचा, कुजक्या लाकडाचा वास वर येऊ लागला.

दुसऱ्या टोपीची तार त्यांनी आत सोडली आणि जुन्या सवयीने तोंडून निसटले, “दादा, धर.”

तार ताठ झाली.

खाली कोणीतरी ती सावकाश, जाणत्या हाताने वाशाभोवती फिरवत होते. मग दोन हिसके बसले. वहिनीच माळ्यावर चढल्या असतील, असे समजून धाकट्यांना बरे वाटले. त्यांनीही दोन हिसके दिले, पकडीने वरचे टोक पिळले आणि ते खाली उतरले.

वहिनी मुलीच्या उशाशी बसून होत्या. एक खेप वाचवलीत, असे म्हणून धाकट्यांनी त्यांचे आभार मानले.

“मी?… पण भाऊजी, शिडी तर तुमच्यापाशी बाहेर होती ना…”

त्याच वेळी पहिला झंझावात पत्र्यांवर आदळला. गाठ कोणी बांधली यापेक्षा ती टिकेल का, हा प्रश्न मोठा, असे स्वतःला बजावत धाकट्यांनी शिडी आत ओढून आणली. मग ते माळ्यावर चढले. विजेरीच्या उजेडात दुसऱ्या झरोक्याकडची धूळ दुधावरच्या सायीसारखी अखंड पसरलेली दिसली; तिच्यावर पाऊल उमटलेले नव्हते. तार वाशाला घट्ट वेढली होती आणि तिचे टोक आत दुमडलेले होते. “तारेचे टोक आणि जिभेचे टोक, दोन्ही आत ठेवावीत, म्हणजे कोणाला बोचत नाहीत,” असे म्हणणारा माणूस त्यांनी एकच पाहिला होता.

गाठ पक्की होती. लेकीच्या डोक्यावरचे छप्पर बापाने धरून ठेवले होते. त्यांनी हलकेच तारेवर हात ठेवला.

तार हलली. वरून. दोन हिसके.

मग छपरावर कोणी जड पावलांनी चालू लागले. एकेक पत्रा दबत, कण्हत गेला. पावले वळचणीपाशी पोचली आणि थांबली. मघाशी शिडी लावली होती, नेमकी तिथेच… आणि शिडी तर आता घरात होती, माळ्याच्या तोंडाशी टेकलेली.

खालून वहिनींचा आवाज आला, दबलेला, काहीसा ओशाळलेला.

“भाऊजी… शिडी बाहेर लावा ना. हे केव्हाचे मागतायत…”