मधला रुपया

“माझा रुपया कोणीतरी बदललाय,” सदानंद तांडेल म्हणाले आणि रुमालात गुंडाळलेली एक लहानशी डबी त्यांनी टेबलावर ठेवली.

डहाणूच्या बाजारपेठेतल्या त्या छोट्या ऑफिसात खासगी तपासनीस भाविका दवणे आणि तिचे चिमणमामा, अशी दोघंच होती. मामा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. भाचीला मदत करतो असं घरी सांगायचे आणि रोज चहाला इथे हजर व्हायचे. सदानंदला ते तरुणपणापासून ओळखत. डहाणूजवळच्या आगर गावात होडी चालवणाऱ्या या माणसाला नाण्यांचा नाद होता. तलासरीच्या फेरीत कातडी पिशवीत एखादं निराळं नाणं आलं की मामा ते त्याच्यासाठी बाजूला ठेवत. कमळाचं पितळी वीस पैसे. फुलासारख्या कडेचं, हाताला वजनच न लागणारं दहा पैसे. किती दिवसांनी मामांना त्या पिशवीचा खुळखुळाट आठवला!

डबी कडक, पारदर्शक प्लास्टिकची होती. आत चांदीचा रुपया घट्ट बसला होता.

“आईच्या गळ्यात अशा रुपयांची माळ होती,” सदानंद सांगू लागले. “ती गेल्यावर माळ मोडली. मधला रुपया माझ्या वाट्याला आला. बाबांची होडी यायला उशीर झाला की आई दारात बसून अंगठ्यानं तोच चोळत राहायची. राजाचं तोंड पार गुळगुळीत झालेलं. आणि हा बघा. दाढीचा केस न् केस दिसतोय.”

“कडेला डाग आहे,” भाविका निरखत म्हणाली. “माळेची कडी जोडलेली असते, तिथला ना?”

“म्हणून तर आमचा धर्मेश म्हणतो, हा तोच. बाबा, इतकी वर्षं धुरकट अल्बममधून बघितलंत, आता स्वच्छ डबीत वेगळा वाटतोय. पण मी आईचा हात विसरेन? हे त्या तलासरीच्या नाणेवाल्या नविनचं काम. डब्या त्यानंच आणल्या होत्या. मी पोलिसांत जातो.”

“दोन दिवस थांबा, काका. चोर म्हटलं की शब्द परत घेता येत नाही.”

आगरच्या घरात जुना अल्बम अजून कपाटावर होता. मऊ प्लास्टिकची पानं पिवळी पडून एकमेकांना चिकटली होती. भाविकानं हातमोजा घालून नव्या डब्या एकेक उघडल्या. कमळाचं वीस पैसे चिकट, हिरवट. पावली चिकट. जुना आणाही तसाच. चांदीचा रुपया मात्र कोरडा होता. मामांनी चष्मा पुसून पाहिलं, तर त्याच्या मागच्या वेलबुट्टीत बारीक लाल कण अडकले होते.

“गंज,” मामा म्हणाले. “खारी हवा.”

भाविकानं ते कण पुन्हा एकदा निरखले.

धर्मेश ओटीवर हात बांधून उभा होता. बाप-लेकाचं बोलणं बंद होतं.

“हो, मी वापीच्या एकाला फोटो पाठवला होता,” तो म्हणाला. “किंमत काय येईल ते विचारायला. विकायला नाही. बाबांनी ते ऐकलं आणि माझ्यावरचा विश्वासच उडाला त्यांचा.”

“डब्या आल्या त्या रविवारी घरात कोण कोण होतं?”

“बाबा, मी, नविनभाई. चिखल्याहून हंसाआत्या आली होती सुकट घेऊन. सगळ्यांनी मिळून नाणी डब्यांत भरली.”

तलासरीला हायवेलगत नविनचं स्टेशनरीचं दुकान होतं. मागच्या कपाटात नाण्यांचा संसार. तो बिचारा घाबरलेलाच होता.

“भाविकाबेन, मी काकांना वर्षभर सांगत होतो. तो मऊ प्लास्टिकचा अल्बम टाका. त्यातून तेल सुटतं, नाणं हिरवं पडतं. पुठ्ठ्याचे होल्डर स्वस्त, पण त्याला पिना मारायच्या. समुद्राच्या हवेत पिना गंजतात आणि नाण्याला डाग पडतो. म्हणून कडक डब्या सुचवल्या.”

“नाणी पुसली होती का कोणी?”

“छे छे! पुसलं की ओरखडे येतात. चिकटपणा काढायचं औषध मी पुढच्या खेपेला नेणार होतो. तोवर तशीच ठेवा म्हटलं.”

“डब्या तुम्हीच बंद केल्या?”

“सगळं भरून झालं आणि जेवायला हाक आली. झाकणं उघडीच राहिली. जेवून आल्यावर मी एकेक दाबून बंद केलं.” मग हळूच म्हणाला, “बेन, खरं सांगू? त्या रुपयाला बाजारात कोण विचारणार? कडीचा डाग पडलेला, वर तोंड झिजलेलं. आता डबीत आहे तो जास्त चांगला.”

परतीच्या बसमध्ये मामा चिडले होते. “चोरानं वाईट नेलं आणि चांगलं ठेवलं? हा कसला चोर?”

“तेच तर, मामा. चिखल्याला उतरायचंय आपल्याला.”

हंसाबाई अंगणात सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. नजर समोर, बोटं टोपलीत. बारीक एकीकडे, मोठे दुसरीकडे.

“कोण आलंय?” त्यांनी विचारलं. मामा बोलल्यावर मात्र चेहरा उजळला. “चिमणभाऊ! तुमच्या गाडीत आम्हाला कधी उभं राहावं लागलं नाही हो.”

आत पाणी आणायला गेलेल्या भाविकाच्या मागोमाग मामाही गेले. देव्हाऱ्यात पितळी ताटली होती, कुंकवानं लाल झालेली. मधोमध तेवढा एक गोल भाग मात्र स्वच्छ होता.

“रविवारी तुम्ही जेवायला सगळ्यांबरोबर बसलात का, आत्या?” भाविकानं बाहेर येऊन सहज विचारलं.

“मी घरूनच जेवून गेले होते.”

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाविकानं सदानंद आणि धर्मेशला चिखल्याला बोलावलं.

ओहोटी लागली होती. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास अंगणभर पसरला होता. भाविकानं डबी टोपलीशेजारी ठेवली.

“काका, तुमचं खरं आहे. हा तुमचा रुपया नाही. तुमचं प्रत्येक नाणं जुन्या अल्बमच्या तेलानं चिकट झालंय, कोणी पुसलेलं नाही. हा कोरडा आहे. म्हणजे हा त्या अल्बममध्ये कधी राहिलाच नाही. धर्मेशचा अंदाज इथे चुकला.”

“म्हणजे नविनच!”

“नविनभाईंनी चांगला रुपया देऊन झिजलेला कशाला न्यावा? पैशासाठी कोणी असा उलटा सौदा करत नाही. ज्याला त्या झिजेचीच किंमत आहे, तोच करेल. आणि माळेच्या कडीचा डाग असलेला, तसाच दुसरा रुपया बाजारात शोधून मिळत नाही. तो त्याच माळेतला हवा. मामांना वाटलं तसा तो लाल गंज नाही, चांदीला असा गंज चढत नाही. ते कुंकू आहे. हा रुपया वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात पुजला गेलाय. त्या देव्हाऱ्यातल्या ताटलीत आज त्याच मापाची जागा रिकामी आहे. सगळे जेवायला उठले तेव्हा उघड्या डब्यांपाशी एकच माणूस उरलं होतं.”

 मग हंसाबाईंनी कमरेचा बटवा सोडला आणि तळहातावर एक रुपया ठेवला. राजाला तोंडच उरलं नव्हतं.

“माझाच तुझ्या डबीत ठेवला, दादा. तुझी जागा रिकामी नाही केली.”

“अगं, पण चोरून? मागितला असतास तर?”

“मागितला होता. आईच्या वर्षश्राद्धाला. तू म्हणालास, हात लावू नकोस, घामानं डाग पडतात. तरी तू आत गेलास की मी अल्बमच्या त्या पानात बोट घालायची. आता फोनवर म्हणालास, पक्क्या डबीत कायमचा बंद करतोय.” त्यांनी बोटांनी रुपया चाचपला. “डॉक्टर म्हणतात, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. दादा, तुला आई फोटोत तरी दिसते. मला आता ती एवढीच. बोटाला लागते तेवढी.”

सदानंद मग खाली बसले. बहिणीच्या हातातला रुपया त्यांनी उघड्या बोटांनी उचलला आणि अंगठा हळूच त्यावर फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. 

“केवढा खोल खड्डा पडलाय गं,” ते पुटपुटले. “इतकी वर्षं मी नुसता बघतच होतो.”

त्यांनी रुपया बहिणीच्या मुठीत दिला आणि मूठ आपल्या हातांनी मिटली. “हा इथंच राहू दे. तुझा माझ्याकडे राहील.” मग त्यांनी खिशातून फोन काढला. “धर्मेश, नविनचा नंबर लावून दे. आणि बाळा, तुलाही मी नाही नाही ते बोललो.”

धर्मेशनं फोन लावून वडिलांच्या कानाशी धरला.

भाविका आणि मामा निघाले. वाटेत मागून बोलणं ऐकू येत होतं.

“डाव्या हातानं चोळायची ती.”

“उजव्या, दादा! डाव्या हातात तूच असायचास.”

“मी कुठला? तू असायचीस.”

“बस चुकेल, मामा,” भाविका म्हणाली.

“चुकू दे,” मामा म्हणाले, आणि सुरूच्या झाडाखाली जरा वेळ थांबले.