प्रज्ञेशचं लकी मॅग्नेट

सामाईक सिंकच्या जाळीत अडकलेलं मॅग्नेट मी चिमट्यानं वर काढलं, तोच मागून आवाज आला.

"अहो, ते माझं! सकाळपासून शोधतोय."

शेजारच्या लॅबमधला प्रज्ञेश. कपाळावर गॉगल, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.

"फ्लास्कमध्ये ढवळायचं साधं मॅग्नेट," मी म्हणाले. "नवं घ्या की."

"हे लकी आहे. कार्बनला कार्बन जोडायला सगळ्यांना पॅलेडियम धातू लागतो. माझे धातूशिवाय जुळतात. पण... हेच मॅग्नेट असलं तर." तो हसला. छान हसला.

मी मात्र त्या पांढऱ्या आवरणावरचे काळसर ओरखडे पाहत होते. "आधी कुणाकडे होतं?"

"रविराजकडे. तो पॅलेडियमवरच—" तो थांबला. "मी ॲसिडनं धुतलंय."

"ओरखड्यातलं निघत नाही. आणि जोडणीला कणभर पॅलेडियम पुरतं."

"सोमवारी पेपर पाठवतोय मी. दीड वर्षाचं काम आहे."

"म्हणूनच आज तपासू."

"तुम्ही सगळ्यांशी अशीच ओळख करून घेता?"

"नाही. बाकीच्यांना पेपर पाठवू देते."

त्याचे कान लाल झाले.

त्याचीच रसायनं घालून दोन फ्लास्क शेजारी शेजारी लावले. एकात त्याचं मॅग्नेट, दुसऱ्यात माझं कोरं. सहा तास. दोनदा चहा झाला. बिबवेवाडीच्या रिक्षावाल्यांच्या नकला करताना त्याचे हात हवेत फिरत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं... माझा अंदाज चुकू दे.

नाही चुकला. दोन्ही फ्लास्कमधला एकेक थेंब तपासणीच्या पट्ट्यांवर घेतला, तेव्हा यूव्ही दिव्याखाली जुन्या मॅग्नेटच्या पट्टीवर जुळलेल्या रसायनाचा नवा ठिपका चमकला. कोऱ्याच्या पट्टीवर काहीच नव्हतं. म्हणजे जोडणी धातूच करत होता.

तो निघून गेला. मी दोन्ही फ्लास्क धुतले, जरा जास्तच वेळ.

सोमवारी दुपारी तो आमच्या दारात उभा.

"सरांना मीच सांगितलं. पेपर रद्द. म्हणाले, बाहेरच्यांनी पकडलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती."

"रागावलास माझ्यावर?"

"शनिवारभर. रविवारी लक्षात आलं, पेपरपेक्षा... तुमचाच विचार जास्त येतोय." त्यानं गॉगल उगाचच पुसला. "आता यालाही काहीतरी दुसरंच कारण आहे म्हणाल."

"आधी 'तू' म्हण," मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस, प्रज्ञेश. दोन दिवस मीही दुसरं कारण शोधत होते. सापडलं नाही."