गवतावर ठेवलेली शेड

"पिवळा नको," मार्नी म्हणाली. "पिवळ्या भिंतीवर माश्या बसतात."

"माश्यांना रंग कळतो?" फिनने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरा कळतो. सुट्टी लागली त्या दिवशी तू एका पायात हिरवा आणि दुसऱ्यात निळा मोजा घालून शाळेत गेला होतास."

त्यांचा मित्र मिन्ह याने तोवर रंगाच्या डब्याचं झाकण उघडलंसुद्धा होतं. रंग निळा निघाला. मिन्हच्या वडिलांची बेकरी रंगवून तो उरला होता, म्हणजे फुकटचा होता. वाद तिथेच मिटला.

शेड लेस आजोबांची. बारा वर्षांची मार्नी आणि तिचा भाऊ फिन यांच्या घरामागे, लिंबाच्या झाडापलीकडे, पत्र्याची. आजोबा महिन्यापूर्वी अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि ते जिल्ह्याच्या इस्पितळात होते. पुढच्या मंगळवारी घरी यायचे होते. बाबांनी, म्हणजे ग्रँटनी, एका सकाळी चहा पिता पिता जाहीर करून टाकलं की शेड आता पोरांची. आतलं सगळं भंगार आहे, म्हाताऱ्याला आता काठी घेऊन चालता आलं तरी खूप झालं. आजोबांना विचारलंत का, असं मार्नीने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी सांगतो त्यांना." बाबांचं 'सांगतो' म्हणजे काय, हे त्या घरात मांजरालाही माहीत होतं. पण शेड मिळत असताना खोलात कोण शिरतं? मार्नी शिरली नाही. ही गोष्ट तिला नंतर फार लागून राहिली.

सुदैव असं की तो मोठ्या कचऱ्याचा आठवडा होता. वर्षातून दोनदा कौन्सिलचा ट्रक येतो आणि त्याआधी आठवडाभर गावातला जो तो नको असलेलं सामान घरापुढच्या गवतावर आणून ठेवतो. ज्याला हवं त्याने खुशाल उचलून न्यावं. एकदा गवतावर ठेवलं की ती वस्तू कुणाचीच राहत नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. पोरांनी सोमवारी रंधे, पटाश्या, करवती, टेबलाचा लोखंडी शिकंजा, सगळं ढकलगाडीतून गवतावर नेलं. संध्याकाळपर्यंत निम्मं गायबही झालं.

शेडमध्ये काही चमत्कारिक गोष्टी होत्या. फळीखाली वीस बरण्या लटकत होत्या. झाकणं फळीला ठोकलेली, बरणी फिरवली की हातात यायची. प्रत्येक बरणीच्या बुडाला गोंदाचे वाळलेले ठिपके होते. कुठे एक, कुठे तीन, कुठे सात. घराच्या मागच्या दारापासून शेडपर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोरी बांधलेली होती, आणि तिच्यात मधे मधे गाठी. टेबलाच्या कडेला खाचा होत्या. भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या जागी त्याचा आकार काढलेला होता, तो मात्र सगळ्याच शेडमध्ये असतो.

"दोरी कशाला?" फिनने विचारलं. "आजोबा वाट चुकतात की काय लिंबापाशी?"

"म्हातारपणी डोकं फिरतं माणसाचं," मिन्ह म्हणाला. "माझी आजी फ्रीजशी बोलते."

तिघं पोट धरून हसली. मग त्यांनी दोरी कापून तिला पताका लावल्या. बरण्यांतले खिळे, स्क्रू, वायसर एका बादलीत ओतले, बरण्यांचे ठिपके फिनने मागे राहिलेल्या एका पटाशीने खरवडून काढले आणि आत दिव्यांच्या माळा भरल्या. भिंत निळी झाली. सुरू करण्याआधी मार्नीने प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून ठेवले होते, 'आधी आणि नंतर' दाखवायला. शाळेत सगळे जळतील, असा हिशेब होता.

गुरुवारी बाबांनी त्यांना इस्पितळात नेलं आणि स्वतः गाडी लावायला जागा शोधत बसले. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत होते. बाबांनी अजूनही त्यांना काही सांगितलेलं नाही हे मार्नीला गाडीतच कळलं होतं. मग शेडचा फोटोच दाखवून टाकू, असं तिने ठरवलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

आजोबांनी मान जरा वाकडी केली. फोनकडे पाहिलं. "वा, छान," ते म्हणाले. "फार छान. किती मेहनत घेतलीत."

फिनने फोनमध्ये डोकावलं आणि त्याने मार्नीच्या पायावर पाय दिला. फोनवर शेड नव्हतीच. चुकून पुढचा फोटो आला होता. त्यात त्यांचा कुत्रा बिस्किट बाबांच्या बुटात तोंड खुपसून बसला होता.

"रंग आवडला?" मार्नीने विचारलं. फोन तिने तसाच धरून ठेवला.

"रंग तर सगळ्यात छान," आजोबा म्हणाले.

परत येताना तिघं खिडकीबाहेर बघत बसली. बाबांना वाटलं पोरांना भूक लागलीय, म्हणून त्यांनी वाटेत सॉसेज रोल घेऊन दिले. तिघांनी ते हातात धरून ठेवले.

शेडमध्ये गेल्यावर मार्नीने दार लावून घेतलं. "डोळे मिटा," ती म्हणाली. मग तिने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला. बोटं खाचांतून गेली. एक खाच, दोन खाचा, तीन. टेबलावरची मोजपट्टीच होती ती, हाताने वाचायची. गोंदाचे ठिपके तेच. दोरी तीच. ज्याला फोनवरचा कुत्रा दिसत नाही, त्याने ही सगळी शेड बोटांनी बघता येईल अशी करून घेतली होती. एकट्याने, कुणाला न सांगता.

"मी खरवडले ते," फिन म्हणाला, आणि रडायलाच लागला. "पटाशीने खरवडले मी."

मिन्हला आजीचा विनोद आठवला आणि त्याने खाली बघितलं. मार्नीला तर इतकी लाज वाटली की तोंड कुठे लपवावं कळेना. ती रोज त्या माणसासोबत एका टेबलावर जेवत होती. 'मीठ कुठंय' असं ते विचारायचे तेव्हा ती म्हणायची, "समोरच तर आहे, आजोबा."

बाबांना सांगावं का? तिघांनी बराच खल केला. सांगितलं तर बाबा तिथल्या तिथे वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं मागवतील, अशी फिनची खात्री होती. आजोबांनी लपवलं ते त्याचसाठी असणार. मग ठरलं, आधी शेड होती तशी करायची, मंगळवारच्या आत.

ट्रक शुक्रवारी सकाळीच येणार होता. गवतावर उरलं होतं ते पोरांनी त्याच संध्याकाळी परत आत ओढलं. बाकीचं कुणी नेलं? समोरच्या घरातल्या बाईंना सगळ्या गल्लीची खबर असे. त्यांनी सांगितलं की ट्रेलर घेऊन डग आला होता, दोन फेऱ्या केल्या त्याने.

डग म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांच्या शेडचे प्रमुख. निवृत्त माणसं तिथे जमून खुर्च्या दुरुस्त करतात, खेळणी बनवतात आणि त्याहून जास्त चहा पितात. शुक्रवारी तिघं सायकलवरून निघाली. वाटेत निलगिरीच्या झाडावरच्या मॅगपाय पक्ष्याने फिनच्या हेल्मेटवर दोनदा झडप घातली, पण तो ओरडलासुद्धा नाही. मला ही शिक्षा मिळायलाच पाहिजे, असं म्हणाला.

डग दारातच उभे होते. त्यांच्यामागे लांब टेबलावर आजोबांची हत्यारं ओळीने मांडलेली होती.

"केव्हा येता त्याचीच वाट बघत होतो," ते म्हणाले. "लेसचं सामान ओळखणार नाही का मी? ट्रकखाली जाऊ नये म्हणून उचलून आणलं."

"तुम्हाला माहीत होतं?" मार्नीने विचारलं. "डोळ्यांचं?"

डगनी सांगितलं की तिथे येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपासून लेसच्या नजरेच्या मधोमध डाग पडलाय, फक्त कडेकडेने थोडं दिसतं. डॉक्टरांकडे डगच घेऊन जात होते. घरी सांगू नका, अशी लेसने शपथ घातली होती. शेड आहे तोवर मी माणूस आहे, शेड गेली की सामान आहे, असं तो म्हणायचा.

मार्नीला हे ऐकून पुन्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. सामान तर त्यांनीच गवतावर ठेवलं होतं.

हत्यारं परत न्यायला गाडी लागणार होती. बाबांना मार्नीने सांगितलं की जुन्या हत्यारांची हल्ली फार फॅशन आहे, भिंतीवर लावली की शेड झकास दिसते. बाबांनी लगेच गाडी काढली, वर फॅशनबद्दल स्वतःचं मतही ऐकवलं. सामान आपल्याच वडिलांचं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग तीन दिवस तिघं जमिनीवर बसून बादलीतले स्क्रू निवडत होती. 'आधी'चे फोटो मोठे करून बरण्यांचे ठिपके मोजले आणि गोंदाने पुन्हा घातले. पताका काढल्या. दोरीचे तुकडे जोडले, गाठी फोटोत बघून त्याच जागी बांधल्या. भिंतीवरचे आकार निळ्या रंगाखाली गेले होते, तिथे मिन्हने प्रत्येक हत्याराभोवती सुतळी चिकटवली. बोटं सोलून निघाली, पण कुणी कुरकुर केली नाही. दर बरणीला मार्नी मनातल्या मनात माफी मागत होती.

मंगळवारी आजोबा आले. बाबांचा हात त्यांनी बाजूला केला, एका हातात काठी घेतली, दुसरा दोरीवर ठेवला आणि गाठी मोजत शेडपर्यंत गेले. बाबा मागून बघत राहिले. ती दोरी कशासाठी आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते जागीच थांबले.

आत आजोबांनी फळीखाली हात फिरवला. टेबलाच्या खाचा चाचपल्या. मग भिंतीवरची सुतळी लागली, तशी त्यांची बोटं थबकली. करवतीभोवती ती हळूहळू फिरली, मग रंध्याभोवती.

"रंगाचा वास येतोय," ते म्हणाले. "आणि चौथी बरणी पाचवीच्या जागी आहे. कोणी केलं हे?"

मार्नीने सगळं सांगितलं. गवतावर टाकलं ते, हसलो ते, खरवडलं ते. काही झाकलं नाही. फिन तिच्या मागे उभा होता आणि मिन्ह दाराकडे बघत होता.

आजोबांनी करवतीभोवतीची सुतळी पुन्हा एकदा चाचपली.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?" दारातून ग्रँट म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"तू कुठे विचारलंस?" आजोबा म्हणाले, रागाने नाही. "या पोरांनी चूक केली, मोठीच केली. पण दोन वर्षांत या घरात कुणाच्या लक्षात आलं असेल, तर यांच्याच. आणि ही सुतळी माझ्या डोक्यात आली नव्हती. हुशार आहेत कार्टी. खिडकीकडची अर्धी शेड आजपासून तुमची. उजेडाचं मला आता काय काम?"

मार्नी तरीही मान खाली घालूनच उभी होती. ही शाबासकी घ्यायला तिला फार जड जात होतं.

"मार्नी, तू रडतेयस का?" आजोबांनी विचारलं. "ये इकडे, जवळ ये. मला कळू तरी दे." त्यांनी दोन्ही हात तिच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरवले, कपाळावरून, गालांवरून. "अगं, केवढी मोठी झालीस तू," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांपुढे तू अजून दहा वर्षांचीच आहेस."