तिसऱ्या रांगेवरची पांढरी पूड

"अरे, पुन्हा!" टाचणी ओरडली.

तिच्या हातातला काळा रुमाल पांढरा झाला होता. बाक आत्ताच पुसलेले, खिडक्या बंद, दाराला कडी. तरी तिसऱ्या रांगेतल्या बाकांवर पिठासारखी बारीक पूड!

सुट्टीचे शेवटचे दिवस. सगळी मुलं घरी लोळत होती आणि हे तिघं शाळेत राबत होते. स्वच्छ वर्गाची स्पर्धा त्यांनीच काढली होती. टाचणीने नियम लिहिले होते. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून ती टाचणी. भोंग्याने ते सगळ्या शाळेभर ओरडून सांगितले होते. त्याला कर्ण्याची गरज लागत नसे, म्हणून तो भोंगा. आणि चष्मा पुसत मागे मागे राहणाऱ्या प्रोफेसराने गुणांचे तक्ते आखले होते. उद्या सकाळी परीक्षण. आज नुसती रंगीत तालीम.

"पहिलीच्या बाई रडतील गं," भोंगा म्हणाला. "कालपासून पुसतायत बिचाऱ्या."

"रडू देत. पूड ती पूड. गुण कापायचे म्हणजे कापायचे!"

"स्वतःचा भाऊ या वर्गात आहे, तरी हिला दया नाही!"

तिचा धाकटा भाऊ मुंगळा नुकताच पहिलीत आला होता. चिकटला की सुटायचा नाही, म्हणून मुंगळा. त्याची जागा तिसऱ्या रांगेत, बरोबर मधली. त्याने आधीच बाकाखाली खडूने एक मांजर काढून ठेवलं होतं.

प्रोफेसर मात्र रुमालाकडे बघत नव्हता. तो वर बघत होता.

"पूड खालून येत नाही," तो हळूच म्हणाला. "वरून पडते."

छताला नवाकोरा रंग होता, दुधासारखा. पण वर्गाच्या मधोमध आडव्या जाणाऱ्या तुळईवर, त्या रंगातून, केसासारखी एक रेघ सरकत गेली होती. टाचणीने बाकावर बाक चढवला आणि वर चढली. रेघेला बोट लावलं तर कण भुरभुरले. खाली पाहिलं, तर फरशीवर एक फिकट गोल डाग दिसला. एखादी जड वस्तू बरेच दिवस उभी असावी, आणि आता नसावी, असा.

प्रोफेसराने वहीच्या कागदाची पट्टी फाडली, डिंक लावला आणि टाचणीच्या हातात दिली. "रेघेवर आडवी चिकटव. तुळई जागची हलली नाही तर पट्टी तशीच राहील."

"आणि हललीच तर?" भोंग्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मधोमध फाटलेली होती. दारही उघडेना, चौकटीत घट्ट बसलं होतं. तिघांनी खांदा लावला तेव्हा कुठे ते करकरत सरकलं.

शिपाईकाका व्हरांड्यात बादली भरत होते. टाचणी धावत त्यांच्याकडे गेली. "काका, पहिलीच्या वर्गात मधोमध काय होतं?"

"टेकू होता की गं. लोखंडी. परीक्षा चालू होत्या तेव्हा गवंड्याने लावला होता. तुळईला तडा गेला म्हणे, वरच्या पाण्याच्या टाकीनं."

"मग कुठे गेला?"

"मीच काढला." काकांनी नळ बंद केला. "पहिलीच्या बाई म्हणाल्या, मध्ये अडगळ दिसते. तुमच्याच नियमात आहे ना? अडगळ दिसली की पाच गुण वजा!"

तो नियम टाचणीचाच होता. मोठ्या अक्षरात लिहून, खाली दोन रेघा मारलेला.

"पण तडा बुजवला होता का?" प्रोफेसराने विचारलं.

"रंग दिलाय ना नवा? म्हणजे बुजवला असेल. त्याशिवाय रंग कशाला देतील?"

म्हणजे रंगाऱ्याने गवंड्याच्या आधी येऊन रंग दिला होता. रंग बघून सगळ्यांना वाटलं, गवंडी येऊन गेला. आणि तडा बुजवायला गवंडी आलाच नव्हता!

मोठ्या बाई कचेरीत होत्या. या शाळेच्या मुख्याध्यापिका. समोर पाहुण्यांच्या खुर्च्यांचा गोंधळ, दोन्ही हातांत दोन फोन. टाचणीने फाटलेली पट्टी टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं.

"बाळा, डिंक सुकला की कागद फाटतो," बाई म्हणाल्या. "दुरुस्ती झाली आहे. मी स्वतः तो रंग पाहिलाय."

"रंग पाहिलात बाई, तडा नाही!"

"आवाज खाली! थोड्या वेळात पालक येतील. पहिलीची मुलं त्यांच्या वर्गात बसतील, पालक मागे उभे राहतील आणि तुम्ही हसत हसत गुण द्याल. जा आता."

बाहेर आल्यावर भोंगा म्हणाला, "कुलूप लावू या?"

"किल्ली काकांकडे. काका बाईंचंच ऐकणार," टाचणी म्हणाली.

फाटकातून मुलं यायला लागली होती. धुतलेले कपडे, तेल लावलेले केस. मुंगळा सगळ्यांत पुढे, आईचं बोट सोडून पळत येत होता. त्याला आपल्या जागेवर बसायची घाई झाली होती.

टाचणीने डोळे मिटले. आणि तिला सुचलं. "शाळेमागे काय आहे?"

"कचरा," भोंगा म्हणाला. "सगळ्या वर्गांतून आठवडाभर झाडून काढलेला. डोंगर झालाय."

"तो डोंगर पहिलीत न्यायचा."

भोंगा उसळला. "स्वच्छ वर्गाची स्पर्धा आपण काढली आणि घाण आपणच करायची? लोक आपल्याला सोलून काढतील!"

"सोलू देत. घाणीत कोणी मुलं बसवत नाही."

"आत कोणी जायचं नाही," प्रोफेसर म्हणाला. "खिडकीतून टाकायचं."

मग पोती उलटली. जाळी, जळमटं, ओली माती, कुजलेली पानं, शाई सांडलेल्या चिंध्या. तिघांनी मागच्या खिडकीतून पहिलीचा तो लखलखीत वर्ग बघता बघता उकिरडा करून टाकला. पांढऱ्या भिंतींवर चिखलाचे ओघळ उतरले. मुंगळ्याचा बाक पानांखाली गाडला गेला.

दार उघडून पहिलीच्या बाईंनी आत पाहिलं आणि त्या मटकन खालीच बसल्या. "कोणी केलं हे? कोणी?"

"मी," टाचणी म्हणाली.

मैदानभर कुजबुज उठली. आई गर्दीतून तिच्याकडे बघत होती. त्या नजरेपेक्षा थप्पड बरी वाटली असती. मोठ्या बाई ओरडल्या, "तिघांनाही शाळेतून काढून टाकीन! मुलांना मैदानात बसवा. सगळ्यांना!"

पहिलीची मुलं मैदानात मातीवर बसली. टाचणीने मुंगळ्याला पाहिलं, त्याच्या शेजारच्यांना पाहिलं आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मुंगळा तिच्याकडे बघून जीभ दाखवत होता. दाखव बाबा, ती मनात म्हणाली, हवी तेवढी दाखव.

"चला, जमलं," भोंगा पुटपुटला. "आता मार खाऊ निवांत."

"काका कुठे आहेत?" प्रोफेसराने अचानक विचारलं.

टाचणीने नळाकडे पाहिलं. नळाखाली बादली नव्हती.

कचरा पडला की कोण उचलतं? ते कुणीच बोललं नव्हतं, कुणाला सुचलंच नव्हतं. घाण दिसली की शाळेत एकच माणूस खराटा घेऊन जातो, न सांगता, न बोलावता.

ती धावली. अशी ती कधीच धावली नव्हती. दारात पोचली तेव्हा काका तिसऱ्या रांगेत वाकून पानं गोळा करत होते.

"काका, बाहेर या!"

"थांब गं पोरी, एवढं उचलतो. तुझी खोडी, माझी कंबर."

वरून वाळू गळल्यासारखा आवाज येत होता. बारीक, सलग. टाचणी आत शिरली, काकांच्या सदऱ्याला दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन ओढलं. काका चिडले, अडखळले, मग त्यांनीही वर पाहिलं. दोघं दाराकडे झेपावली.

तुळई कोसळली तेव्हा आवाज झाला नाही असं टाचणीला वाटलं. नुसता धक्का बसला, आणि सगळं जग पांढरं. मग धूळ, मग खोकला. मग काकांची एकच किंकाळी. ते दाराबाहेर होते, पण एक पाय उंबऱ्याच्या आत राहिला होता.

भोंगा आला, प्रोफेसर आला, मग सगळे पालक. हातांनी विटा काढल्या. कोणीतरी टाचणीला उचलून घेतलं. ती आई होती. टाचणीच्या केसांतून, पापण्यांतून पूड गळत होती आणि आई ती पदराने पुसत होती.

धूळ बसल्यावर आतलं दिसलं. तिसरी रांग उरलीच नव्हती. मोठ्या बाई दारात उभ्या राहून ते बराच वेळ बघत होत्या.

मग त्या सगळ्यांसमोर टाचणीपुढे येऊन उभ्या राहिल्या. "या मुलांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आज ही मुलं मैदानात बसली आहेत ती या तिघांमुळे. माझ्यामुळे नाही." आणि शाळेच्या मुख्याध्यापिकेने तीन मुलांसमोर हात जोडले.

पालकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी भोंग्याची पाठ थोपटली, कोणी प्रोफेसराला जवळ घेतलं. टाचणीने विचारलं, "काकांचा पाय?"

टाळ्या थांबल्या.

दवाखान्यात काकांचा पाय कमरेपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता. पाय राहील, पण पूर्वीसारखा चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तिघं पलंगाशी उभे होते. काकांच्या बायकोने तिघांना स्टुलं दिली आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली.

"कचरा मी टाकला म्हणून तुम्ही आत गेलात," टाचणी म्हणाली. दोन दिवस घशात अडकलेलं वाक्य होतं ते.

काका म्हणाले, "टेकू मी काढला, कचरा तू टाकलास, ओढून बाहेरही तूच काढलंस. आता मी रागावू तरी कुणावर?" त्यांनी हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. "मोठ्यांनी ऐकलं नाही तरी तुम्ही गप्प बसला नाहीत. टेकू काढताना एवढं माझ्याकडून नाही झालं."

तेव्हा कुठे टाचणी रडली. चांगली हुंदके देऊन. काकांनी तिला रडू दिलं. मग भोंग्याकडे वळून विचारलं, "पोरं कुठे बसतात आता?"

"ग्रंथालयात. सगळी पहिली."

"गोंगाट करतात का?"

"विचारू नका! छप्पर पडेल इतका..." भोंग्याने जीभ चावली.

मग काका हसले. हसताना पाय दुखला, कळ मस्तकात गेली, तरी ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले, आणि खिडकीशी बसलेली त्यांची बायको दोन दिवसांत पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे बघू लागली.