रुमालातला तारा

तारा गोल असतो. सूर्य हाही एक तारा आणि तो गोल आहे, हे तिसरीतलं पोरही सांगेल. मग नाताळला दारात टांगतो त्या ताऱ्याला टोकं कुठून आली? एल्मा तुस्कानोला हा प्रश्न अकरा वर्षांत कधी पडला नव्हता. पडला तो नेमका नाताळच्या आदल्या संध्याकाळी, आणि तोही रडता रडता.

वसईजवळच्या तिच्या गावात दरवर्षी एक आळी मोठा तारा उभारायची. तो झळकला की मैदानात गाणी सुरू व्हायची. सन २०५८चा मान एल्माच्या आळीचा होता. तारा बांबूवर न टांगता आकाशात उडवायचा, हा हट्ट मात्र एकट्या एल्माचा. तिने भलामोठा कागदी तारा बगळ्याच्या पोटाशी बांधला. बगळा म्हणजे आळीचा उडता यंत्रमानव, हुशार पण जरा शिष्ट. "कागद मोठा आणि वारा समुद्रावरचा," असं त्याने बजावलं होतं. ऐकेल ती एल्मा कसली!

वर जाताच ताऱ्याचं शीड झालं. कागद टराटरा फाटला, कामट्या केळीच्या बागेत पडल्या. उरला फक्त बगळ्याच्या पोटावरचा बारीक, प्रखर दिवा.

"अगो, हा तारा की काजवा?" शेजारच्या आळीचे ऑल्विनकाका ओरडले. "आमचा तारा तयार आहे हां! मान द्या आम्हाला."

सगळे हसले. आपल्यामुळे अख्ख्या आळीचं नाक कापलं गेलं, या विचाराने एल्माला रडू फुटलं. मैदानाच्या कडेला जाऊन तिने आईचा झिरझिरीत रुमाल डोळ्यांसमोर धरला आणि त्यातूनच वर पाहिलं.

दिव्याला चार लांब टोकं फुटली होती!

तिने रुमाल काढला. साधा ठिपका. पुन्हा धरला. तारा! रुमाल फिरवला, तर ताराही फिरला.

"बगळ्या, तू काय केलंस?" तिने मनगटावरच्या यंत्रात विचारलं.

"मी काहीच नाही. रुमालाने केलं," बगळा म्हणाला. "बंदराच्या अरुंद तोंडातून लाट आत आली की काय करते?"

"दोन्ही बाजूंना पसरते."

"प्रकाशही लाटच आहे, पण फार बारीक. म्हणून त्याला फटीही बारीक लागतात. अशा फटीतून जाताना तो पसरतो. याला म्हणतात विवर्तन (अरुंद फटीतून जाताना लाटेचं पसरणं). रुमालाचे धागे उभे आणि आडवे, म्हणून प्रकाशही त्याच दोन दिशांना पसरला. झाली चार टोकं."

"मग ताऱ्याला टोकं काढतात ती...?"

"माणसाच्या डोळ्यातल्या भिंगाला जन्मतःच बारीक शिवणी असतात. दूरच्या ताऱ्याचा प्रकाश तिथेही पसरतो. टोकं ताऱ्याला नाहीत, ती तुमच्या डोळ्यात आहेत."

एल्मा धावत मंचावर चढली. "बारीक विणीचं कापड डोळ्यांसमोर धरा आणि बगळ्याकडे बघा!"

आधी मुलांनी रुमाल धरले. मग बायकांनी ओढण्या धरल्या. मैदानभर एकच गलका उठला. बगळा एक होता, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ज्याचा त्याचा तारा झगमगत होता.

ऑल्विनकाका मात्र रुमालातून बघूनही अडून बसले. "चारच टोकं? आमच्याला पाच आहेत!"

"काका, त्यावर दुसरा रुमाल तिरका धरा."

काकांनी बायकोचा रुमाल ओढून घेतला, तिरका धरला आणि आ वासला. "आठ! आठ टोकं, बाय!" असं ओरडून गाण्याची पहिली ओळ त्यांनीच सुरू केली. पाठोपाठ सगळ्या आळ्या गाऊ लागल्या. एल्माला इतका आनंद झाला की ती गाणंच विसरली.

"टोकांच्या कडेला रंग दिसतात," ती बगळ्याला म्हणाली.

"लाल प्रकाश जास्त पसरतो, निळा कमी, म्हणून ते वेगळे होतात. रुमालाहून कितीतरी बारीक फटी केल्यास, तर त्या रंगांवरून तारा कशाचा बनलाय तेही ओळखता येईल."

"इथे बसून?"

"इथे बसून."

एल्माने रुमालाची घडी खिशात जपून ठेवली. बगळ्याच्या वर, पार मागे एक खरा तारा लुकलुकत होता. ती त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "आता तुझा नंबर."